घरकामातलं गणित: तीन ते आठ वर्षांच्या पोरांना रोजच्या व्यवहारातून गणित कसं शिकवायचं

एक ते शंभर धडाधड म्हणून दाखवणारं पोर घरोघरी असतं. पाहुणे आले की त्याला पुढे करतात, ते म्हणून दाखवतं, सगळे शाब्बास म्हणतात. त्याच पोराला म्हणा, "बाळा, सहा चमचे आण बघू", तर ते मूठभर चमचे आणून ओट्यावर ओततं आणि निघून जातं. यात त्या पोराचं काही चुकत नाही. आकडे ओळीने म्हणणं हे बडबडगीत पाठ असल्यासारखं आहे, मोजता येणं हे वेगळंच काम आहे आणि ते कुणीतरी करायला लावल्याशिवाय येत नाही.

बरं, हे करायला लावण्यासाठी महागडे किट, अॅप, अबॅकसचे क्लास वगैरे लागत नाहीत. घरात चमचे आहेत, पोळ्या आहेत, कपड्यांचा ढीग आहे, भाजी आणायची आहे. फक्त एक पथ्य पाळायचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात अवघड जातं: ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय तोच प्रश्न पोराला विचारायचा. "दोन आणि तीन किती, सांग बरं काकांना" ही परीक्षा झाली, आणि परीक्षा तीन वर्षांच्या मुलालाही लगेच कळते. "आज आत्या पण जेवायला आहे, किती ताटं घेऊ?" हा मात्र खरा प्रश्न आहे, उत्तर चुकलं तर आत्याला ताट नाही मिळणार.

खाली वयं दिलीयत ती ढोबळ आहेत, कुणी लवकर पुढे जातं, कुणी एका पायरीवर महिनोन् महिने रमतं. घाई नको.

पायरी १: पानं मांडायचं काम पोराकडे द्या (साधारण ३ ते ४ वर्षं)

रात्रीच्या जेवणाची पानं घ्यायचं काम पोराचं, असं जाहीर करून टाका. काचेचं काही नाही, स्टीलची ताटं-वाट्या.

पहिले काही दिवस मोजायला सांगूच नका. नुसतं एकाला एक. आजीला एक ताट, आजोबांना एक, आईला एक. मग प्रत्येक ताटात एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा. शाळेच्या भाषेत याला एकास एक संगती म्हणतात आणि पुढच्या सगळ्या गणिताचा पाया हाच आहे. एखादा चमचा कमी पडला तर तुम्ही काही बोलायची गरजच नसते, "बाबांना चमचाच नाहीये" हे पोराचं पोरालाच दिसतं आणि ते धावत एक घेऊन येतं. चूक आपोआप समोर येते, कुणी रागावत नाही, कुणी लाल पेनने खूण करत नाही.

हे जमलं की मोजणं. "किती जण आहोत आपण आज?" इथे बारीक लक्ष द्या. बहुतेक पोरांची जीभ बोटापेक्षा पुढे पळते, बोट तिसऱ्या वाटीवर आणि तोंड "पाच"वर, किंवा एकच वाटी दोनदा मोजली जाते. उपाय साधा आहे, मोजलेली वस्तू हाताने उचलून दुसऱ्या बाजूला सरकवायची. इकडून तिकडे गेली म्हणजे मोजून झाली. नुसतं बोट दाखवून मोजणं नंतर येतं, डोळ्यांनी मोजणं त्याच्याही नंतर.

१९७८ साली रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली होती. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम पक्का, शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण किती त्याचं उत्तर, वस्तू कुठल्याही असोत मोजण्याची रीत तीच, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. यातलं तिसरं सगळ्यात फसवं असतं. पोर "एक, दोन, तीन, चार, पाच" असं छान मोजतं, तुम्ही विचारता "मग किती वाट्या आहेत?", आणि ते पुन्हा एकपासून मोजायला लागतं. म्हणजे "पाच" हा त्या सगळ्या वाट्यांचा मिळून आकडा आहे हे अजून बसलेलं नाही. अशा वेळी समजावत बसू नका, तुम्हीच मोठ्याने मोजा आणि शेवटी हात गोल फिरवून म्हणा, "पाच. सगळ्या मिळून पाच." रोज ऐकून ऐकून बसतं. बसलंय की नाही याची खूण म्हणजे "पाच वाट्या आण" म्हटल्यावर पोर बरोब्बर पाच आणून थांबतं, थांबणं महत्त्वाचं.

याच वयात शून्य पण येऊ द्या. लाडवाचा डबा उघडायचा, "किती उरले?" "संपले!" "म्हणजे शून्य लाडू." बास एवढंच.

एक गंमत करून बघा, पण त्यावरून वाद घालू नका. पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर लावा, पोर म्हणेल सारख्याच आहेत. आता एक ओळ त्याच्या डोळ्यांदेखत लांब-लांब पसरवा. चार वर्षांचं पोर बहुतेक वेळा म्हणतं लांब ओळीत जास्त आहेत. जाँ पियाजे या स्विस अभ्यासकाने हे फार पूर्वी दाखवून दिलंय, आणि साधारण सहा-सात वर्षांचं झालं की पोर स्वतःच म्हणतं, "काय गं आई, तेवढेच तर आहेत." तोपर्यंत थांबायचं.

आणि न मोजता ओळखणं. मुठीत तीन-चार चिंचोके घ्या, क्षणभर मूठ उघडा, परत बंद करा, "किती होते?" फाशावरचे ठिपके पण असेच एका नजरेत ओळखता यायला हवेत. हा खेळ बसची वाट बघताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुठेही चालतो.

पायरी २: वाळलेले कपडे आणि रांगोळी

ही पायरी पटकन सांगते कारण यात समजावण्यासारखं फार काही नाही, करायचं मात्र रोज. दोरीवरचे कपडे काढले की पोराला ढिगासमोर बसवा. मोज्यांच्या जोड्या लावणं, मोठ्यांचे एकीकडे छोट्यांचे एकीकडे, मग तेच कपडे रंगाने वेगळे करणं. एकच ढीग दोन वेगवेगळ्या प्रकारे लावता येतो हे कळणं म्हणजे वर्गवारी. एखादा मोजा एकटा उरतोच, तिथे सम-विषमची ओळख फुकटात होते.

रांगोळीचं तसंच. ठिपक्यांची रांगोळी काढता ना दिवाळीत, मग ठिपके पोराला मारू द्या. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके. वाकडे येतील, येऊ देत. पुढे पाच पाचे पंचवीस शिकताना हेच ठिपके डोळ्यांसमोर येतात. ५ ते १ ची रांगोळी असेल तर एकेक ठिपका कमी होत जातो, तिथे उलटी मोजणी. आणि अर्धी रांगोळी तुम्ही काढून "आता दुसरी बाजू अश्शीच" म्हणालात तर सममिती झाली, तो शब्द सांगायची काही गरज नाही.

पायरी ३: दहाचा गठ्ठा (साधारण ५ ते ६ वर्षं)

इथे थोडं थांबूया, कारण मराठी पोरांची खरी पंचाईत इथे होते. चोवीस म्हणताना आधी चार ऐकू येतं, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे, मग चार. त्यामुळे पोरं चोवीसचे ४२ लिहितात आणि आपण म्हणतो लक्ष नाही. वर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे सगळे पुढच्या दशकाचं नाव घेऊन बसलेले. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात म्हणून पोर ३९ लिहितं, हे तर पहिलीच्या कुठल्याही वहीत सापडेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक" असं वाचायची पद्धत आली तेव्हा टीव्हीवर, विधानसभेत, व्हॉट्सअॅपवर केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पोरांना आकडा ऐकून लिहिताना सोपं जावं. मला विचाराल तर घरी दोन्ही वापरा. "सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात." यात मराठी बुडत नाही, पोराचं काम सोपं होतं.

पण नुसतं बोलून दशक कळत नाही, ते हातात यायला लागतं. करायचं असं:

आईस्क्रीमच्या काड्या, खराटयाचे हिर किंवा झाडूच्या काड्या, काहीही घ्या, पन्नास-साठ तरी हव्यात. पोराला म्हणा मोज. ते मोजेल, मध्येच चुकेल, परत सुरू करेल, वैतागेल. वैतागू द्या. मग सांगा, "दहा झाल्या की रबर लाव." गठ्ठे झाले की मोजणं सोपं होतं हे त्याला स्वतःला जाणवायला हवं, आधीच गठ्ठे बांधून हातात दिलेत तर त्यातली मजा गेली. आता तीन गठ्ठे आणि सहा सुट्या, म्हणजे तीस आणि सहा, छत्तीस.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गणितमाळ वापरतात, शंभर मण्यांची, दहा एका रंगाचे मग दहा दुसऱ्या रंगाचे. घरी करायला सोपी आहे, दोन रंगांचे मणी आणि जाड दोरा. भिंतीला पोराच्या हाताला येईल अशी आडवी बांधा आणि कपड्याचा चिमटा लावून "सत्तावीस कुठे?" खेळा. पोर सुरुवातीला एकपासून मोजत जाईल, काही दिवसांनी ते दोन रंग सोडून थेट सात मणी मोजायला लागेल, आणि एखाद दिवशी एकोणतीस शोधताना तीसवर जाऊन एक मणी मागे येईल. ते बघायला मिळालं तर समजा पोर गणितात शिरलं.

पायरी ४: खेळ, पण जरा ढंगाने

सापशिडी सगळे खेळतात, फक्त एक बदल करा. सोंगटी २३ वर आहे आणि फाशात तीन पडले, तर "एक, दोन, तीन" असं म्हणत पुढे जायचं नाही, "चोवीस, पंचवीस, सव्वीस" म्हणत जायचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण फरक पडतो. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या सुमारास बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा सरळ रेषेतला साधा सोंगटीचा खेळ दिला होता, आपण ज्या घरात जाऊ त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि थोड्याच वेळा खेळूनही त्या मुलांची आकड्यांची समज चांगली सुधारली. जिथे रंगांचाच खेळ दिला होता तिथे तसं झालं नाही. आपल्या सापशिडीची एक अडचण म्हणजे ओळी उलटसुलट जातात, एक डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे, छोटी पोरं गोंधळतात. त्यांच्यासाठी जमिनीवर खडूने सरळ एक ते वीस चौकोन आखा आणि पोरालाच सोंगटी करा.

पत्ते वाईट असं काही घरांत अजून मानतात, त्यांना हात जोडून विनंती की एकदा बदाम सात खेळून बघा. सातपासून वर आठ-नऊ-दहा आणि खाली सहा-पाच-चार, आपल्या पानाच्या आधीचं आणि नंतरचं काय हे सतत बघावं लागतं. भिकार-सावकारमध्ये नशिबाचा भाग जास्त, पण छोट्यांना चालतो, आणि त्यात एक घरगुती भर घाला: दोघांनी एकेक पान उघडायचं, ज्याचं मोठं त्याने दोन्ही घ्यायची, मात्र घेण्याआधी कितीने मोठं ते सांगायचं. राजा-राणी-गुलाम आधी काढून ठेवा. सागरगोटे पाच घेऊन खेळलात तर हातात किती, खाली किती, म्हणजे पाचच्या सगळ्या जोड्या, चार-एक, तीन-दोन, तोंडपाठ होतात आणि कुणी पाठ करा म्हटलेलं नसतं.

पायरी ५: भाजी आणायला पोराला सोबत न्या (६ वर्षांपासून)

हल्लीची एक मोठी अडचण सांगते. आपण भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर स्कॅन करतो, "पन्नास रुपये प्राप्त झाले" असा आवाज येतो, संपलं. पोराला पैसे दिसतच नाहीत. सुट्टे, परत घेणं, मोजून देणं, हे आपण लहानपणी न शिकवता शिकलो ते सगळं त्या छोट्या स्पीकरमध्ये गेलं. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम रोख न्या, एका जुन्या पाकिटात, आणि पाकीट पोराच्या हातात.

सुरुवातीला फक्त एक रुपयाची नाणी आणि दहाच्या नोटा. दोन, पाच, वीस हे नंतर. कारण लहान पोरासाठी जास्त नाणी म्हणजे जास्त पैसे, पाचचं एक नाणं दे आणि एकेकची तीन नाणी घे म्हटलं तर खुशीत देवाणघेवाण करतं. एक आणि दहा एवढंच ठेवलं की तो काड्यांचा गठ्ठा आणि सुट्या काड्यांचाच खेळ झाला, फक्त आता खऱ्या पैशात.

माझी भाची पहिल्यांदा एकटीने व्यवहार करत होती तेव्हाचं सांगते. मेथीची जुडी वीसला, कोथिंबीर दहाला, हातात पन्नासची नोट. मावशींनी तिच्या तळहातावर दहाची एक नोट ठेवली, "तीस झाले, हे चाळीस", दुसरी ठेवली, "हे पन्नास. झाले ना बाळा?" भाची नोटांकडे बघून माझ्याकडे वळली, "आत्तू, मी एक नोट दिली, मला दोन मिळाल्या! आणि भाजी पण!" तिच्या हिशोबाने आमचा भलताच फायदा झाला होता. मी काही समजावलं नाही, घरी येऊन पन्नासची एक नोट एकीकडे आणि दहाच्या दोन दुसरीकडे ठेवल्या, पन्नासच्या बदल्यात दहाच्या किती देशील म्हटलं, आणि तिने पाच नोटा मोजल्यावर चेहरा बघण्यासारखा झाला.

मावशींनी जे केलं ते नीट बघा पण. पन्नासातून तीस वजा केलेच नाहीत त्यांनी. तीसपासून पन्नासपर्यंत वर मोजत गेल्या. बाजारात सगळे असंच करतात, सोपं आहे आणि चुकत नाही. शाळेतली उभी मांडणी यायच्या आधी पोराला वजाबाकी ही अशीच येऊ द्या: इथून तिथपर्यंत जायला किती लागतील?

आणि मग सुट्टे. समजा पाकिटात दहाच्या तीन नोटा आणि एकेकची दोन नाणी आहेत, बत्तीस रुपये, लिंबाचे सात द्यायचेत. सात सुट्टे नाहीत. मग काय करायचं? दहाची एक नोट मोडायची. आता दोन नोटा आणि बारा नाणी, त्यातली सात दिली, उरले पंचवीस. ३२ वजा ७ करताना पुस्तकात "दशक सुटा करणे" म्हणतात ते हेच. घरी तुम्ही दुकानदार व्हा, दहाची नोट घेऊन दहा नाणी देणारे, आणि हा खेळ भरपूर खेळा. ज्या पोराने दहाची नोट मोडून पाहिलीय त्याला हातचा आणि उसना यांची भीती वाटत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

सात-आठ वर्षांचं झालं की बजेट द्या. "शंभर रुपये आहेत, यात फळं आण, काय आणायचं तू ठरव." केळी डझनावर, सफरचंद किलोवर, चिकू पाव किलो घेता येतात. तिथे त्याला स्वतःलाच डझन म्हणजे बारा आणि अर्धा डझन म्हणजे सहा हे लक्षात ठेवावं लागतं. चुकीची निवड केली तरी बदलू नका, पैसे संपले तर संपले.

पायरी ६: चतकोर भाकरी ते पाव किलो

अपूर्णांक चौथी-पाचवीत येतात आणि घाबरवतात, पण आपल्या घरात ते आधीपासून नांदतायत. चतकोर भाकरी, अर्धी भाकरी, पाऊण भाकरी. भाकरी समोर घेऊन पोराला तोडायला द्या. अर्धी म्हणजे दोन सारखे भाग, आणि "सारखे" यावर भर, कारण पोरं मोठा अर्धा आणि छोटा अर्धा म्हणतात. दोन चतकोर जोडले की अर्धी, तीन म्हणजे पाऊण. "तुला किती हवी?" "पाऊण." "मग मला किती उरली?" भावंडं असतील तर उत्तम, वाटणीत अन्याय कुणी खपवून घेत नाही. आमच्याकडे नियम असा की एकाने तोडायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची. तोडणारा मग अगदी मिलिमीटरपर्यंत सारखे भाग करतो.

तेच पुढे वजनात. पाव किलो २५० ग्रॅम, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा किलो १२५०, दीड १५००, अडीच २५००. हे पाठ करायला देऊ नका, दोन पाव किलोच्या पुड्या एका हातात आणि अर्ध्या किलोचं पाकीट दुसऱ्या हातात देऊन विचारा कुठलं जड. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.७५० दिसतं ते आठ वर्षांच्या पोराला दाखवा आणि "म्हणजे पाऊण किलो" एवढंच म्हणून सोडा. दशांश चिन्ह शाळेत येईल तेव्हा ओळखीचं वाटेल.

गावाकडे आजी-आजोबा असतील तर धान्य मोजायची जुनी मापं बाहेर काढायला सांगा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ज्वारी ओतत ओतत पोराला स्वतः शोधू द्या एका पायलीत किती चिपटी. सोळा येतील, पण तुम्ही सांगू नका, सांडलेली ज्वारी गोळा करायची तयारी ठेवा.

गुणाकारासाठी इडलीपात्र. एका ताटलीत चार, अशा चार ताटल्या. "सोळा जण नाहीयेत आपल्याकडे, पाच जणांना प्रत्येकी किती?" तीन-तीन आणि एक उरली, बाकी एक. ती कुणाला हे भांडण वेगळं. कुकर लावताना एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, मग तीन वाट्यांना किती, आणि दीड वाटीला? इथे पोर गप्प होतं, होऊ द्या, वाटीने पाणी ओतून बघू द्या.

एसटीने जाताना पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं भाडं आहे. म्हणजे आई आणि पोर मिळून एक फुल तिकीट. बाबांना धरून किती झालं हे कंडक्टरने सांगायच्या आत सांगता येतंय का बघा.

घड्याळाबद्दल थोडक्यात: काट्यांचं घड्याळ घरात ठेवा, डिजिटलवर साडेसात दिसत नाही, सात-तीस दिसतं. सव्वा, साडे, पावणे या क्रमाने शिकवू नका, आधी साडे, मग सव्वा, पावणे सगळ्यात शेवटी, कारण पावणेआठला अजून आठ वाजलेलेच नसतात आणि पोराला ते पटत नाही.

पायरी ७: ओट्यावरून वहीपर्यंत

हे न करता थांबलात तर वरचं बरंच फुकट जाऊ शकतं, म्हणून नीट वाचा. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्रीचं काम करणारी मुलं त्यांनी बघितली. अवघड व्यवहार, कधी कागद-पेन न घेता, तोंडी आणि पटापट करणारी मुलं. त्याच मुलांना तसलीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली तर बहुतेकांना जमली नाहीत. आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांचं उलट, कागदावर ठीक, बाजारातल्या व्यवहारात अडखळतात. म्हणजे रोजच्या जगण्यातलं गणित आपोआप वहीत उतरत नाही. उतरवावं लागतं.

कसं उतरवायचं? समजा आज पोराने ताटं मांडताना सांगितलं की चार जण आणि आत्या-काका मिळून सहा. जेवणं झाल्यावर एक कागद घ्या. आधी त्याला चित्र काढू द्या, चार गोल आणि दोन गोल. मग तोंडाने सांगू द्या, "चार होते, दोन आले, सहा झाले." मग तुम्ही त्याच्यासमोर लिहा, ४ + २ = ६, आणि प्रत्येक खुणेवर बोट ठेवून विचारा, "हे चार कोण? हे दोन कोण? हे अधिक म्हणजे काय झालं?" "आत्या-काका आले!" झालं. पहिले काही आठवडे लिहायचं काम तुमचं, वाचायचं त्याचं.

मग उलटं. तुम्ही १२ - ५ लिहा आणि म्हणा, याची गोष्ट सांग. पोरं भन्नाट गोष्टी सांगतात, बारा मोदक होते आणि उंदराने पाच खाल्ले. गोष्ट जुळली तर ते गणित कळलंय. उत्तर बरोबर आणि गोष्ट मात्र "बारा मुलं होती आणि अजून पाच आली" अशी असेल, तर पोराने फक्त खूण बघून कृती केलीय, अजून ओट्यावर परत जायची गरज आहे.

आणि रोज एकदा तरी "कसं काढलंस?" विचारा. बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर पोराला वाटतं हा प्रश्न आला म्हणजे चुकलं. आठ अधिक सात कुणी बोटांवर करेल, कुणी आठात दोन घालून दहा आणि वर पाच म्हणेल, कुणी सात दुणे चौदा आणि एक. सगळं चालतं. बोटं तर बिनधास्त वापरू द्या, सहा-सात वर्षांच्या पोराने बोटं लपवून मांडीखाली मोजावं लागणं हे मला फार वाईट दिसतं.

पाढ्यांना माझा विरोध नाही, उलट बे, पाच आणि दहाचा पाढा पोरांना आवडतो. पण पाढा ठिपक्यांच्या नंतर, इडल्यांच्या नंतर. आणि घड्याळ लावून, "बघ दादा किती पटपट म्हणतो" असं तर मुळीच नको. त्याचप्रमाणे पोरासमोर "मला पण गणित कधी जमलं नाही, आमच्या घराण्यातच नाही" हे बोलणं बंद करा, पोरं ते ऐकून ठेवतात. दुसरी संपत आली तरी पाच-सात वस्तू मोजताना सतत गोंधळ होत असेल, लहान-मोठा आकडा ओळखता येत नसेल, आणि हे महिनोन् महिने तसंच असेल, तर ओरडून किंवा ट्यूशन लावून काही होत नाही, डिस्कॅल्क्युलियाची (म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या, बालरोगतज्ज्ञ पुढचा रस्ता सांगतात.

इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी

हा प्रश्न हमखास येतो. पोर शाळेत ट्वेंटी सेव्हन शिकतं, घरी आजी सत्तावीस म्हणते, भाजीवाल्या मावशी "पस्तीस झाले" म्हणतात आणि पोर तोंडाकडे बघत राहतं. दोन्ही भाषा चालतील, फक्त एका मोजणीत एकच. म्हणजे "वन, टू, तीन, फोर" असं नको, सुरुवात ज्या भाषेत केली तिच्यातच संपवायची. लिहिण्याचं काम शाळेच्या भाषेत होऊ द्या, उगाच दुहेरी ओझं नको, आणि बाजार मात्र मराठीत करा. पाव, सव्वा, दीड, अडीच हे शब्द शाळेतल्या इंग्रजीत मिळणार नाहीत, ते ओट्यापाशी आणि मंडईतच कानावर पडतील. एक ते शंभर मराठीत पाठ करून घ्यायचा हट्टही नको. आधी दशकं येऊ द्या, वीस, तीस, चाळीस, कारण भाज्यांचे भाव बहुतेक त्यातच असतात, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस. बाकीचे मधले आकडे मावशींशी घासाघीस करता करता येतात.